आमच्या घरचा आकडा

त्या उन्हाळ्यात माझ्याकडे चाळीस फॉर्म होते, एक पुठ्ठ्याचं पॅड होतं आणि चार रंगीत कार्डं होती. कार्डांवर दहा, वीस, पन्नास आणि शंभर असे आकडे छापलेले. घरोघर जायचं, कुटुंबप्रमुखाला नमस्कार करायचा आणि अकरावा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवायचा : "जमिनीखालचे पाणी टिकवण्यासाठी आपले कुटुंब दरमहा जास्तीत जास्त किती रक्कम देण्यास तयार आहे?" समोरचा माणूस ज्या कार्डावर बोट ठेवील तो आकडा चौकटीत लिहायचा. एवढंच काम.

हे काम मला कॉलेजातल्या सरांनी दिलं होतं. मी नुकतीच बी.ए. झाले होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि पुढे काय करायचं हे सांगणारंही कोणी नव्हतं. सरांनी यवतमाळला बोलावून घेतलं, फॉर्म हातात दिले आणि म्हणाले, "तुझं गाव तुझ्याशी खरं बोलेल. बाहेरच्याशी बोलणार नाही." त्या वाक्याचा मला इतका अभिमान वाटला की परतीच्या एसटीत बसायला जागा असूनही मी उभीच राहिले. बसवत नव्हतं.

बाभुळगाव तालुक्यातलं आमचं गाव लहान. आमच्या वस्तीत पन्नासेक घरं, आणि त्या सगळ्यांची पिण्याची विहीर एकच, वस्तीच्या वरच्या टोकाला. विहिरीच्या वरच्या अंगाला लागूनच आमचं शेत, त्याचा एक कोपरा विहिरीच्या खाली नाल्यापर्यंत उतरलेला. मधे फक्त धुरा, म्हणजे शेताचा बांध, आणि एक कडुनिंब. माझा थोरला भाऊ ते शेत कसायचा. मी सहावीत असताना बाबा आजारपणात गेले तेव्हा भाऊ दहावीची परीक्षा देत होता. शेवटचा पेपर देऊन तो घरी आला, दप्तर खुंटीला अडकवलं, आणि ते परत काढलं नाही. पुढे माझी फी, पास, पुस्तकं, सगळं त्याच्या कापसातून गेलं.

आदल्या वर्षी ऑगस्टात पावसानं मोठा खंड दिला आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, पात्या बोंड धरण्याआधीच गळून सरीत पडल्या. भाऊ रोज जाऊन त्या पाहायचा. दोन पाण्यांची, दोनदा ओलिताची, गरज होती फक्त, तो म्हणायचा, दोनच. म्हणून या उन्हाळ्यात त्यानं शेतात बोअर मारायचं ठरवलं होतं. पाणाड्या येऊन गेला होता. तळहातावर नारळ आडवा धरून तो शेतभर फिरला, आणि धुऱ्याजवळ, कडुनिंबाच्या अलीकडे, नारळ उभा राहिला. भावानं तिथं दगड ठेवला, चुन्यानं गोल केला. तिथून विहीर चाळीस पावलांवर होती.

हे सगळं मला माहीत होतं. तरी पॅड छातीशी धरून मी जमिनीखालचं पाणी टिकवायला निघाले, आणि दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात फॉर्म घेऊन येणारी माणसं फार होती. कापसाच्या बातम्या मोठ्या पेपरांत यायच्या, मग गाड्या यायच्या, गाड्यांतून शिकलेली माणसं उतरायची. कोणी घरात किती माणसं आहेत विचारायचं, कोणी किती क्विंटल झाला. लोक सांगायचे, चहा पाजायचे, अंगठे द्यायचे, आणि पुढे काही होत नसे. त्यामुळे फॉर्म म्हणजे काहीतरी मिळायचं असतं, उशिरा का होईना, अशी समजूत होती. मी मात्र देण्याबद्दल विचारत होते.

पहिलं घर मी निवडलं ते ट्रॅक्टरवाल्या काकांचं. ओळखीचे, दिलदार, गावात त्यांच्या शब्दाला मान. मी प्रश्न वाचला. काकांनी कार्डांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सार्वजनिक काम हाय ना? मंग लिव, एकवीस."

"काका, वीस किंवा पन्नास…"

"वीस कसे? वीस कोनी देत असते काय? एकवीस लिव." आणि आत वळून ओरडले, "ऐकलं काय वं? पोरगी वर्गनीले आली, एकवीस रुपये आन."

मी घाईघाईनं सांगितलं की पैसे नको आहेत, फक्त विचारायचं आहे. काका हसले. "सबन असंच म्हंते पयले. घेऊन टाक. अन् भोंग्यावर नाव घेशीन तवा माह्यं नीट घेजो, मागच्या भंडाऱ्याले त्यायनं माह्या बापाचंच नाव घेतलं होतं."

आमच्याकडे गावाच्या कामाला पैसे गोळा होतात ते असेच. पोळ्याचं तोरण असो, भंडारा असो, पहिला मोठ्या घरचा माणूस आकडा बोलतो आणि बाकीची घरं तोच बोलतात. वर बोलणं म्हणजे त्याचा मान कमी करणं, खाली बोलणं म्हणजे स्वतःचा. आणि आकड्यावर एक रुपया जास्तीचा असतो, कारण शुभ कामात नुसता वीस देत नाहीत. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. तरी मी पहिल्यांदा काकांच्या घरी गेले, आणि त्यांचा आकडा वस्तीत माझ्या पुढे पुढे चालू लागला.

दुसऱ्या घरी मी पायरीवर असतानाच विचारलं गेलं, "ट्रॅक्टरवाल्यानं किती देल्ले?" तिसऱ्या घरी प्रश्न वाचायच्या आधीच एकवीस रुपये घडी करून पाटावर ठेवलेले. मी परत द्यायचे, ते परत माझ्या हातात कोंबायचे. एका घरी तर बाईंनी पैसे माझ्या पदरात टाकून वर कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "पान्यासाठी देल्लेलं वापस घेत नसते." मी ते दाराच्या कोनाड्यात ठेवून पळाले. चौथ्या दिवशी माझे सदतीस फॉर्म भरून झाले होते. त्यातल्या चौतीसांवर एकवीस होता.

सरांनी गठ्ठा चाळला. एकदा पुढून, एकदा मागून. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बेटा, हे घरी बसून भरलेस का?"

रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी काळजीनं विचारलं. मी वर्गणीचं सांगितलं, भोंग्याचं सांगितलं, कुंकवाचं सांगितलं. सर थोडे हसले, आणि मग गंभीर झाले. म्हणाले, "म्हणजे तुला प्रतिष्ठेचा आकडा मिळाला, पाण्याचा नाही मिळाला. आणि सगळी उत्तरं पुरुषांची आहेत. पाणी कोण भरतं तुमच्याकडे?"

"बायका."

"मग त्यांना विचार. वेगळं विचार. त्यांच्या जागी जाऊन."

एसटीत त्या दिवशीही मी उभी होते, पण यावेळी गाडी खरोखर भरलेली होती. बाभुळगावपर्यंत मी एकच वाक्य घोकत राहिले, घरी बसून भरलेस का, घरी बसून भरलेस का. सरांनी परत दिलेला गठ्ठा पिशवीत होता, आणि ते फॉर्म पुन्हा भरून होईपर्यंत मला चैन पडणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच मी गुंड, म्हणजे पाण्याची घागर, आणि पॅड घेऊन विहिरीवर गेले. मे महिन्यात तिथं तेव्हाच गर्दी असे, कारण उन्हं वर आली की झिऱ्यांतून येणारं पाणी आणि उपसणारे हात यांचं गणित बिघडायचं. दहाबारा बायका, स्टीलचे गुंड ओळीनं मांडलेले, चाकावरून दोर करकरत खाली जात होता. आमच्या बायका पाणी दोरावर मोजतात. दोन्ही हात फाकून एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढा दोर, तो एक वाव. पावसाळ्यात विहिरीला तीन वाव लागायचे. त्या दिवशी सात लागत होते.

मी पॅड काढलं तशी हसाहशी झाली.

"आली वं कलेक्टरीन."

"आमच्याजवळ कुठचे पैसे, बाई? पैसे त्यायच्या खिशात असते. आमच्याजवळ दोर असते."

"तरी सांगा ना," मी म्हटलं. "तुमचं तुम्ही सांगा. घरचे काय म्हणाले ते नको."

हळूहळू उत्तरं येऊ लागली, आणि ती कुठल्याच चौकटीत बसेनात. एक म्हणाली, मी गाळ काढायला चार दिवस येते, मजुरी नको. दुसरी म्हणाली, माझ्या घरी पाव्हणे आले तरी दोन गुंडांवर तिसरा भरणार नाही. एक नवी सून हळूच म्हणाली, "माह्या नवऱ्याचे एकवीस लिवले ना तुम्ही? ते देऊन द्या म्हनावं. पन त्यायनं एक रोज इथून पानी नेऊन पाहावं." त्यावर सगळ्या इतक्या हसल्या की दोर धरलेल्या बाईची बकेट अर्ध्यावरून पुन्हा खाली गेली.

रुपयांच्या चौकटीशेजारच्या कोऱ्या जागेत मी हे सगळं बारीक अक्षरांत लिहीत होते. मला वाटत होतं, हेच ते, सरांना हवं असलेलं. आणि तेव्हा विहिरीला लागून घर असलेली म्हातारी मामी, जिला आम्ही सगळे मामीच म्हणायचो आणि जिनं मला लहानपणी या विहिरीच्या काठावरून खाली वाकताना वेणी धरून मागे ओढलं होतं, ती आपला गुंड डोक्यावर घेता घेता थांबली.

"सबायचं लिवलं?"

"हो मामी."

"तुह्या घरचं लिवलं?"

"नातेवाइकांचं घर घ्यायचं नाही असं सरांनी सांगितलं आहे."

"बरं हाय." मामीनं चुंभळ नीट केली. "आम्ही इथं एक एक गुंड सोडून राह्यलो, अन् वरतून तुह्या भावाची बोअरची गाडी येनार सोमवारी. त्याची लिवापढीच नाई."

कोणी हसलं नाही. ज्या दोन बायका आधी सगळ्यांत जास्त बोलत होत्या त्या दोराकडे पाहू लागल्या. माझ्या लक्षात आलं की हे बोलणं इथं रोज होत असणार. फक्त मी आले की थांबत असणार. मी गुंड न भरता परत आले. आईनं विचारलं, "पानी?" मी म्हटलं, आणते, आणि पुन्हा बाहेर पडले. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. पाय एसटीच्या फाट्याकडे गेले.

बाभुळगावच्या स्टँडजवळ एक मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. दुकान चालवणारे चाचा आमच्या सगळ्या भागातल्या मोटारी काढायचे, भरायचे, पुन्हा सोडायचे. बाबा होते तेव्हा आमच्याकडे येऊन जेवलेले. विहिरीत नि बोअरमध्ये काय चाललं आहे हे कोणाला माहीत असेल तर त्यांना, असं मला वाटलं. तांब्याच्या तारेची वेटोळी बाजूला करून त्यांनी मला स्टूल दिलं. मी बसले नाही. चाळीस पावलं, कडुनिंब, नारळ, एका दमात सांगितलं.

चाचा तार गुंडाळत राहिले.

"बाई, मैं तो पाइप गिनता हूँ," ते म्हणाले. "बीस फूट का एक. मैं ये धंद्यात आलो तवा पाच-सहा पाइपात मोटार बसे. आता दरसाल कोनी ना कोनी म्हंते, चाचा, एक पाइप और डालो. मले काय, मेरी तो रोटी उसीमें है. पानी नीचे जाता, मेरा काम ऊपर आता." ते स्वतःशीच हसले, पण लगेच थांबले. "अपने इधर काला पत्थर है. अंदर फट रहती, उसीसे पानी चलता. रस्ता एकच. वरतून बोअरनं पकडलं त खाली इहिरीले काय भेटन?"

"नक्की?"

"पत्थर के अंदर कौन गया है? नक्की अल्ला जाने. पन म्या असे तीन गाव पाह्यले." मग हातातली तार खाली ठेवून म्हणाले, "भाऊले म्हनाव, मारायचीच असन त खालच्या कोपऱ्यात मार, नाल्याजवळ. इहिरीचं पोट भरून जे उतरन ते त्याले. कम लगेगा. शायद नहीं भी लगेगा. पन कोनाचं तोंड चुकवायची पाळी नाई येनार."

निघताना मी त्यांनाही अकरावा प्रश्न विचारला. इतक्या दिवसांची सवय. चाचा म्हणाले, "मुझे मत पूछ. सच बोलूँगा तो तू लिख नहीं सकेगी."

भाऊ शेतातच होता. मागच्या हंगामाची वाळलेली पऱ्हाटी उपटून ढीग लावत होता. उन्हानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. चुन्याच्या गोलातला दगड दिसत होता, त्यावर कोणीतरी, बहुतेक आईनंच, हळद लावलेली. मी कडुनिंबाखाली उभी राहिले, मग धुऱ्यावर गेले, मग परत आले.

"काय झालं वं? भुताटकीवानी काहून फिरून राह्यली?"

मला माझ्या शब्दांत ते विचारता येईना. ज्याच्याकडे मी आयुष्यभर मागत आले, त्याच्याकडे पुन्हा काय म्हणून मागायचं? मी पिशवीतून पॅड काढलं आणि वाचलं. "जमिनीखालचे पाणी टिकवण्यासाठी आपले कुटुंब दरमहा जास्तीत जास्त…"

"आपले कुटुंब म्हंजे कोन?"

मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"सांग ना. आई? का तू? का मी?" त्यानं हातातला पऱ्हाटीचा पेंढा खाली टाकला. "तुले कोनं शिकवलं हे? विहिरीवरच्या बायानं?"

मी चाचांचं सांगितलं. खालच्या कोपऱ्याचं सांगितलं. तो ऐकत होता, पण विहिरीकडे पाहत नव्हता.

"खालच्या कोपऱ्यात पानी नाई. नारळ तिथं हाललासुदिक नाई. मले दोन पानी पाह्यजे फक्त. दोन. त्या ऑगस्टात दोन भेटले असते त…" तो थांबला. "गावात पाच बोअर हायेत. त्यायले विचारलं काय तू? का पढली-लिखली बहीन माह्याच घरी हाय म्हनून मीच सापडलो?"

"पाचही विहिरीपासून लांब आहेत, भाऊ."

"सायबाले सांगजो तुह्या," तो अगदी हळू म्हणाला, "ह्या घरानं तुले शिकवलं. ते लिव त्या चौकटीत. त्याच्यावर अजून काय लिवाचं हाय?"

मी तिथून निघाले. रडले नाही, पण वाटेत दोनदा चप्पल निघाली आणि ती घ्यायला मागे फिरावं लागलं. त्यानं खोटं काहीच म्हटलं नव्हतं. माझी पदवी ज्या पऱ्हाटीवर उभी होती तिला दोन पाणी हवी होती, आणि मी त्या पदवीच्या जोरावर तीच नको म्हणत होते. घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. आई कणीक मळत होती. तिनं "हूं" म्हटलं आणि कणीक मळत राहिली. मला वाटलं, तिनं ऐकलंच नाही. मी अंगणात, माजघरात, पुन्हा अंगणात फिरत राहिले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "एका जागी बस वं, माय. मले चक्कर येते."

रविवारी सकाळी आईनं गुंड आणि दोर भावाच्या बाजेशी आणून ठेवला.

"आज माह्या हाताले पेलत नाई. पानी तू आन."

"हे हाय ना," भाऊ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

"थे फारम लिवून राह्यली. तू आन."

पुरुषानं विहिरीवर डोक्यावर गुंड घेऊन जायची आमच्याकडे पद्धत नाही. भाऊ लाजला, चिडला, मग सायकलीच्या कॅरिअरला गुंड बांधून निघाला. मी मागून गेले, जरा अंतर ठेवून. बायकांनी त्याला पाहून पदर सावरले आणि वाट दिली. कोणी टोमणा मारला नाही. मामी तिच्या ओट्यावरून पाहत होती.

भावानं बकेट सोडली. चाक फिरत राहिलं. त्याला वाटलं असणार की आता पोचली, कारण त्यानं हात थांबवला आणि दोर ओढला, पण बकेट हलकीच होती. त्यानं पुन्हा सोडला. दोराचं टोक खांबाला बांधलेलं होतं, ते ताठ होत आलं तेव्हा खालून आवाज आला, पत्र्यावर दगड घासल्याचा. तो काठाशी वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग पुरुषी जोरानं ओढायला लागला, तशी मामी म्हणाली, "हळू, बापू. हिसका देशीन त गढूळ येते." बकेट वर आली ती अर्धी. एक गुंड भरायला त्याला सात वेळा दोर सोडावा लागला. मधेच त्यानं विचारलं, कोणाला ते कळलं नाही, "रोज असंच लागते?"

"रोज," एक बाई म्हणाली. "दोर मोजून घे. साडेसात वाव हाय."

घरी येऊन त्यानं गुंड मोरीजवळ ठेवला आणि शेताकडे गेला. दुपारी जेवायला आला नाही.

सोमवारी बोअरची गाडी आली, तिच्या मागे पाइपांनी भरलेली दुसरी. गाडीवरची माणसं दक्षिणेकडची. हिंदीचे चार शब्द आणि बाकी खुणा. ड्रायव्हर चुन्याचा गोल पाहून तिकडे वळायला लागला. भाऊ गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि हातानं खाली, नाल्याकडच्या कोपऱ्याकडे दाखवू लागला. पाणाड्याही आला होता. तो म्हणाला, "भाऊ, नारळ इकडं उभा राह्यला ना? तिकडं कायले पैसा गाडतं?"

"इकडंच मारायची," भाऊ म्हणाला. पाणाड्या टोपी झटकून निघून गेला.

मशीन सुरू झालं. आधी काळी माती आली, मग पिवळा मुरूम, मग काळा दगड लागला आणि राखाडी धुरळा उडायला लागला. धुरळा ओला झाला की पाणी जवळ आलं समजायचं. आम्ही धुरळ्याकडे पाहत होतो. शंभर फूट. दीडशे. आई नाल्याच्या काठावर बसून होती, मी बसू शकत नव्हते. मी कडुनिंबापर्यंत जायचे, चुन्याच्या गोलाकडे पाहायचे, परत यायचे. एकदा धुरळा जरासा काळसर झाला, भाऊ पुढे धावला, हातात घेऊन चोळला. कोरडाच होता. दोनशे फुटांवर ड्रायव्हरनं खुणेनं विचारलं, बस? भावानं मान हलवली, अजून. असं त्यानं चार वेळा केलं. दोनशे ऐंशीवर पाइप संपले, आणि ठरलेले पैसेही तिथंच संपले.

गाड्या गेल्यावर शेतात इतकी शांतता झाली की विहिरीच्या चाकाची करकर ऐकू येत होती. भावाच्या भुवया, केस, ओठ, सगळं धुरळ्यानं पांढरं झालं होतं. त्यानं बोअरच्या तोंडावर एक चपटा दगड ठेवला, लहान लेकरू पडू नये म्हणून, आणि माझ्याकडे वळला.

"फारम हाय तुह्याजवळ?"

तीन कोरे उरले होते. मी एक काढला.

"लिव आता आपल्या घरचा."

"काय लिहू?"

"रुपये नोको लिवू." त्यानं तोंड पुसलं. "फूट लिव. दोनशे ऐंशी."

मी चौकटीत लिहिलं. चौकट लहान होती, आठ नीट आला नाही. त्यानं फॉर्म घेतला, अंगठ्याचा धुरळा सदऱ्याला पुसला आणि खाली सही केली. दहावीनंतर त्याची सही मी पहिल्यांदाच पाहत होते. शाळकरी होती, पूर्ण नावाची, प्रत्येक अक्षर सुटं.

सरांना मी एकोणचाळीस फॉर्म दिले. चाळिसावा कुठे, त्यांनी विचारलं. खराब झाला, मी म्हटलं. बायकांच्या बारीक अक्षरांतल्या उत्तरांवर ते खूश झाले. याचं काय करायचं ते बघू, म्हणाले. पुढे त्या उत्तरांचं काय झालं मला माहीत नाही. सरांनीच मला पुढच्या शिक्षणाची वाट दाखवली, आणि त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. पण तेव्हा जे घरी घडलं ते मी त्यांना कधी सांगू शकले नाही.

त्या पावसाळ्यातही खंड पडला. आदल्या वर्षीइतका लांब नव्हता, तरी पात्या गळल्या. भाऊ पाहायला गेला नाही, मी गेले. कापूस झाला तो थोडा झाला. त्यानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. मला वाटतं, लावला असता तर मला शांतपणे बसता आलं असतं. पुढल्या मे महिन्यात विहीर आटली नाही. साडेसात वावांवर तशीच टिकून राहिली. आमची बोअर खालच्या कोपऱ्यात मारल्यामुळे ती टिकली, की तशीही टिकली असती, हे मला सांगता येणार नाही. चाचा म्हणाले तसं, दगडाच्या आत कोण गेलं आहे.

आता मी उमरखेडला शिकवते, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. भाऊ दर आठवड्याला फोन करतो. आई गेल्यापासून घरचं पाणी तोच आणतो, सायकलच्या जागी मोटारसायकल आली एवढंच. पूर्वी तो फोनवर आधी पाऊस सांगायचा, मग पऱ्हाटी. आता पहिल्यांदा दोर सांगतो. परवा म्हणाला, "साडेपाच." आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "मोजूनच आलो. मामीची नात म्हने सहा, पन तिचे हात लहान हायेत."